हॅमिल्टनचे दफ्तर

ह्या वर्षीच्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या निवासस्थानी 'हॅमिल्टन' हे अमेरिकन संगीतक पाहण्याचा योग आला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २०१५ साली अवतरलेल्या ह्या प्रयोगाचे चित्रमुद्रण २०२० साली घरोघर पोचले. आमच्यापर्यंत यावयास त्यास आणखी काही वर्षे लागली इतकेच. प्रेक्षक आम्ही आठ-दहा जण, सारे मराठी, सारे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतले, आणि सारे बदलीच्या हुकमाने ह्या परमुलखात येऊन पडलेले. प्रयोग संपल्यावर चहाचा पेला खाली ठेवीत यजमान म्हणाले, "हा तर आपल्यातलाच निघाला की हो! मुलूख सोडून आला, आणि जिथे आला तिथले राज्य उभे करून दाखविले." यजमान सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, पस्तीस वर्षांत पाच राज्यांतल्या सरकारी वसाहतींत त्यांनी बिऱ्हाडे थाटली आणि मोडली. त्यांच्या बोलण्यावर सर्वांनी माना डोलविल्या. त्यांत आमचीही एक होती.

त्यानंतरचे दोन महिने रात्रीची जेवणे आटोपल्यावर आम्ही रॉन चर्नाउ यांचे हॅमिल्टन-चरित्र वाचीत होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेला, आठशे पानांच्या घरातला हा ग्रंथच त्या संगीतकाचा आधार. पान उलटावे तसतशी आमची ती डोललेली मान आम्हांस खटकू लागली. ती का खटकली, आणि त्यात चरित्रकाराचा व नाटककाराचा वाटा किती व आमचा स्वतःचा किती, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम संगीतकाविषयी थोडे. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे आईवडील मूळचे पोर्तो रिको बेटाचे. त्यांनी ही कथा रचली, गीते व संगीत दिले, आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन हे अमेरिकेचे आद्य पुरुष येथे कृष्णवर्णीय आणि अन्य स्थलांतरित समाजांतले नट वठवितात, आणि त्यांची भाषा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जन्मलेल्या रॅपची. राष्ट्रीय ऋणासारखा रुक्ष विषय मंत्रिमंडळाच्या बैठकीत अक्षरशः सवाल-जबाबाच्या चालीवर रंगतो, हे पाहून आम्ही थक्क झालो. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसास ह्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) कीचक महाभारतातला आणि मस्ती मात्र कर्झनशाहीची, हे प्रेक्षकांस कळत होते. सरकारासही कळले, म्हणून १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. रंगभूमी जुन्या माणसाच्या तोंडून आजचे बोलते, तो तिचा हक्कच आहे. मिरांडा यांनी आजच्या स्थलांतरितांसाठी एक पूर्वज शोधला, आणि २०१६ साली पुलित्झर पारितोषिक व अकरा टोनी पारितोषिके त्या शोधाच्या पदरात पडली. आमची तक्रार नाटककाराकडे नाही. नाटकास चरित्र समजून घरी नेणाऱ्या प्रेक्षकाकडे, म्हणजे आमच्याचकडे, ती आहे.

चरित्रातले बाळपण कोणत्याही कादंबरीकारास हेवा वाटावा असे आहे. वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस ह्या इंग्रजांच्या चिमुकल्या बेटावर हॅमिल्टन जन्मला. १७५५ साली की १७५७ साली, ह्याचा निकाल अजून लागलेला नाही. (आमच्या सेवापुस्तकात जन्मतारखेची अशी दोन वर्षांची तफावत निघाली असती, तर काय प्रसंग ओढवला असता, ह्याची वाचकांनी कल्पनाच करावी.) आईबापांचे लग्न झालेले नव्हते. बाप कुटुंब सोडून निघून गेला. आई १७६८ साली सेंट क्रॉय ह्या डॅनिश सत्तेखालच्या बेटावर तापाने वारली, आणि तिची जी काही चीजवस्तू होती ती न्यायालयाने तिच्या आधीच्या विवाहातल्या मुलाच्या हवाली केली. पोरका अलेक्झांडर बीकमन आणि क्रुगर यांच्या पेढीवर कारकुनी करू लागला.

येथे आम्ही थबकलो. १७६९ साली ह्या पोराने एडवर्ड स्टीव्हन्स नामक मित्रास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की दैवाने आपल्यावर लादलेल्या ह्या कारकुनाच्या हीन अवस्थेचा आपणांस तिटकारा आहे, आणि एखादे युद्ध होईल तर बरे. चरित्रकाराने ह्या पत्रात भावी पराक्रमाची चाहूल ऐकली आहे, आणि ती तेथे आहे यात शंका नाही. परंतु गेली बारा वर्षे टाचणीने कागदास कागद जोडण्यात ज्याचा जन्म चालला आहे, अशा वाचकास त्या पत्रात दुसरेही काही ऐकू येते. हा मुलगा कारकुनीचा द्वेष करतो. आणि त्याच्या पुढच्या आयुष्यातले जे जे टिकले, ते ते त्या पेढीच्या मेजावर शिकलेले आहे. १७७१ साली मालक न्यूयॉर्कला गेला असता कित्येक महिने सारी पेढी ह्या पोरसवदा कारकुनाने चालविली. नाना देशांची नाणी, त्यांचे चढउतार, साखरेचे भाव, जहाजांच्या खेपा, वाटेत मरणारी खेचरे, बुडणारी उधारी हे सारे त्याच्या वहीत उतरत होते. त्या पेढीचा व्यापार गुलामांचाही होता, हे विसरून चालणार नाही. १७७२ च्या ऑगस्टअखेर त्या बेटावर भयंकर वादळ झाले. त्याचे ह्या मुलाने लिहिलेले वर्णन तेथील वृत्तपत्रात छापले गेले, ते वाचून लोकांनी वर्गणी जमविली आणि त्यास शिक्षणासाठी उत्तर अमेरिकेत धाडले. संगीतकात हे वादळ फार सुंदर वठले आहे. पेढीवरची ती वर्षे मात्र एका ओळीत उरकतात. साहजिकच आहे, जमाखर्चास चाल लावणे कठीण.

युद्ध त्यास मिळाले. १७७७ पासून चार वर्षे तो वॉशिंग्टनच्या हाताखाली होता. मुख्य काम पुन्हा पत्रलेखनाचेच, आणि त्यापायी तो पुन्हा चडफडतच राहिला. अखेरीस १७८१ साली यॉर्कटाउनच्या वेढ्यात एका बुरुजावर चाल करून जाण्याची संधी त्याने पदरात पाडून घेतली. संविधानसभा, आणि त्या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेले पंचाऐंशी निबंध, ज्यांतले एक्कावन्न एकट्या हॅमिल्टनचे, ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पुनरुक्ती नको. आम्हांस जावयाचे आहे ते ११ सप्टेंबर १७८९ ह्या दिवसाकडे. त्या दिवशी तो अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला.

परराष्ट्र खात्यात जेफरसन रुजू झाले तेव्हा तेथील कारकून हाताच्या एका बोटावर मोजण्याइतके होते. हॅमिल्टनचे खाते तेवढ्यावर भागणारे नव्हते, कारण प्रत्येक बंदरातला जकातनाका त्याच्या अखत्यारीत होता. दीपगृहेही त्याच्याचकडे. चोरटा माल धरण्यासाठी दहा नौकांचे दल १७९० च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाले, त्यातून पुढे तिकडचे तटरक्षक दल वाढले. नाक्यानाक्याच्या अंमलदारांस त्याची परिपत्रके जात: कोणता तक्ता कोणत्या नमुन्यात भरावा, किती दिवसांनी पाठवावा, कायद्याचे अमुक कलम कसे लावावे. अमेरिकन राज्यकारभाराचे इतिहासकार लिओनार्ड व्हाइट यांनी १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात हॅमिल्टनच्या ह्या बाजूस जे मोठेपण दिले, त्याच्या मानाने चर्नाउ बेताचेच देतात. त्यांच्या लेखणीचा ओढा प्रसंगांकडे, भांडणांकडे, रेनल्ड्स प्रकरणाकडे. आमच्या मते हॅमिल्टनचे सर्वोत्कृष्ट लेखन गाजलेल्या निबंधांत नसून ४ जून १७९१ च्या एका परिपत्रकात आहे. ते जकातनौकांच्या कप्तानांस उद्देशून आहे. आपले देशबांधव स्वतंत्र माणसे आहेत, अरेरावीचा नुसता वासही त्यांस सहन होत नाही, हे ध्यानात ठेवावे. उर्मटपणा, शिवराळपणा, अपमान ह्यांपासून दूर राहावे. शांत व संयमी चिकाटीने अडचणींवर मात करावी, असा त्याचा आशय आहे. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूस बसणाऱ्या माणसास ह्याहून नेमके काही सांगितले गेल्याचे आमच्या वाचनात नाही. हे लिहिणारा स्वतः मात्र सहकाऱ्यांशी वागताना संयमाबद्दल प्रसिद्ध नव्हता, हा भाग वेगळा.

आता ऋणाचा प्रश्न. १७९० च्या जानेवारीत त्याने काँग्रेसपुढे राष्ट्रीय ऋणाचा अहवाल ठेवला. केंद्राचे ऋण सुमारे ५ कोटी ४० लक्ष डॉलर, निरनिराळ्या राज्यांचे मिळून सुमारे २ कोटी ५० लक्ष. अहवालात दोन गोष्टी होत्या. एक, ऋणपत्र आज ज्याच्या हाती आहे त्यास पूर्ण मोबदला द्यावयाचा. दुसरी, राज्यांची युद्धऋणेही केंद्राने शिरावर घ्यावयाची.

पहिल्या गोष्टीवर मॅडिसन उसळला, आणि तो का उसळला हे समजून घेण्यासारखे आहे. युद्धात सैनिकांस वेतनाऐवजी कागद मिळाले होते. घरी परतलेल्या त्या माणसांनी नडीच्या वेळी ते कवडीमोलाने विकले. अहवालाचा सुगावा लागलेल्या सट्टेवाल्यांनी दूरदूरच्या वस्त्यांत माणसे धाडून उरलेसुरलेही विकत घेतले. मोबदल्यातला काही भाग मूळ सैनिकास द्यावा, अशी मॅडिसनची सूचना. हॅमिल्टनचे उत्तर असे की कागद हस्तांतरणीय आहे असे राज्यानेच वचन दिले; ते वचन आज मोडले, तर उद्या ह्या राज्याच्या कागदास कोणी हात लावणार नाही. चरित्रकार येथे निःशंकपणे हॅमिल्टनच्या बाजूचा आहे. आम्हांस तितके निःशंक होता येत नाही. आमच्या मेजावरून निवृत्तिवेतनाची प्रकरणे जातात. कागद खरा असेल तर धारकास पैसे दिलेच पाहिजेत, मग समोरचा चेहरा कसाही असो, हा नियम नसता तर आमची कचेरी एक दिवस चालली नसती, हे आम्ही जाणतो. परंतु खिडकीबाहेर उभा राहिलेला म्हातारा सैनिकही आम्ही पाहिलेला आहे. हॅमिल्टन बरोबर होता असेच आम्ही शेवटी म्हणू. मात्र ते म्हणताना ज्याचा आवाज जरासुद्धा अडखळत नाही, त्या चरित्रकाराने तो सैनिक पुरता पाहिलेला नाही, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याशी जाते. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपले बरेचसे ऋण फेडलेले होते. दुसऱ्यांचे ओझे आम्ही का वाहावे, हा त्यांचा प्रश्न. तो सुटला तो देवघेवीने: राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅकच्या काठी जावी आणि ऋण केंद्राकडे यावे. जेफरसनचा देश म्हणजे व्हर्जिनिया, ॲडम्सचा मॅसॅच्युसेट्स. हॅमिल्टनचा देश कोणता? न्यूयॉर्कमध्ये तो राहिला, तेथील मोठ्या स्कायलर घराण्याचा जावई झाला, परंतु त्याचे आजोबा-पणजोबा तेथल्या मातीत पुरलेले नव्हते. तेरा राज्यांकडे पाहताना त्यास तेरा घरे दिसत नव्हती. एकच खातेवही दिसत होती, तीही अस्ताव्यस्त. बाहेरून आलेल्या माणसाने राष्ट्रास काय दिले, ह्याचे उत्तर शोधावयाचे तर ते येथे आहे. चर्नाउ यांस हे ठाऊक आहे आणि ते त्याचा उल्लेख करतात; परंतु स्थलांतरिताचे कर्तृत्व त्यांस महत्त्वाकांक्षेत, अविश्रांत श्रमांत, वर चढण्यात अधिक दिसते. संगीतकात तर तेवढेच उरले आहे. वर चढण्याची आकांक्षा व्हर्जिनियाच्या जमीनदारांत कमी होती असे थोडेच आहे!

यजमानांच्या त्या वाक्यावर डोललेली मान खरी अडली ती ह्यापुढच्या प्रकरणांत. १३ ऑगस्ट १७८७ रोजी संविधानसभेत हॅमिल्टनने सूचना मांडली होती की प्रतिनिधी होण्यास नागरिकत्व व वास्तव्य एवढेच पुरे. परदेशात जन्मलेल्यास इतक्या वर्षांची अट, तितक्या वर्षांची अट, अशी बारीकसारीक बंधने नकोत. सूचना फेटाळली गेली. लोकसभागृहासाठी सात वर्षे आणि सिनेटसाठी नऊ वर्षे ठरली. १७९१ च्या उद्योगधंद्यांवरील अहवालातही बाहेरच्या कारागिरांचे त्याने स्वागतच केले. आणि १७९८ साली, फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले असता, तोच हॅमिल्टन एका पत्रात लिहितो की परकीयांपैकी बहुतेकांस देश सोडावयास लावावा. अपवाद करावेत, क्रौर्य नको, पण जावयास लावावे. त्या वर्षी त्याच्याच पक्षाने नागरिकत्वाची मुदत पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेली. जेफरसन अध्यक्ष झाल्यावर ती कमी करण्याचा विचार निघाला, तेव्हा हॅमिल्टनने टोपणनावाने जी लेखमाला लिहिली, तीत त्याची जोरदार खिल्ली उडविली आहे. जेफरसनने आदिवासींच्या आतिथ्याचे उदाहरण दिले होते. हॅमिल्टनने विचारले, ते आतिथ्य करणाऱ्या जमातींचे पुढे काय झाले? त्यांच्या भूमीवर आज कोण राहते? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तो करणारा माणूस तीसेक वर्षांपूर्वी गलबतातून त्याच किनाऱ्यावर उतरलेला आहे.

चरित्रकार ह्यावर पडदा टाकीत नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण प्रस्तावनेपासून ज्या स्थलांतरिताचा जयघोष चालला, त्याच्या ह्या वळणापाशी जी लेखणी थांबावयास हवी होती ती थांबत नाही. संगीतकात हे वळणच नाही. गुलामगिरीच्या बाबतीत थोडे असेच घडले. हॅमिल्टन १७८५ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती मंडळाचा सदस्य, म्हणून चरित्रात तो ठाम विरोधक. आणि २०२० साली जेसी सेरफिलिपी यांनी त्याच्याच जमाखर्चाच्या वह्या तपासून असे मांडले की त्याने सासरच्या मंडळींसाठीच नव्हे तर स्वतःसाठीही गुलाम विकत घेतले होते. चर्नाउ यांनी त्या लेखनातील एकांगीपणावर आक्षेप घेतला आहे, आणि वाद चालू आहे. वही मात्र हॅमिल्टनच्याच हातची आहे.

येथे आम्हांस आमच्या मंडळाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून नवे-जुने असा वाद पडला. नुकत्याच उघडलेल्या एका कारखान्यात पुष्कळ मराठी तरुण आले होते. त्यांनी एकदम सभासदत्व घेऊन कार्यकारिणीच बदलली तर काय, ही भीती. तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव आला की मतदानाचा हक्क ह्या शहरात पाच वर्षे वास्तव्य झालेल्यासच असावा. आम्हांस ह्या शहरात येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. आम्ही हात वर केला. ठराव संमत झाला. त्या रात्री घरी येताना आपण काही वावगे केले असे आम्हांस मुळीच वाटले नव्हते. संस्थेची घडी विसकटू नये, एवढाच शुद्ध हेतू होता. हॅमिल्टनची १८०२ ची लेखमाला वाचीपर्यंत तो हात आम्हांस आठवलाही नव्हता. परवा यजमानांपाशी आम्ही हे बोललो. ते किंचित हसले. ठराव मांडणारे तेच होते.

आणखी एक फरक राहतोच. आम्ही स्थलांतरित नव्हेत, बदलीवाले आहोत. आमचा परतीचा दरवाजा उघडा असतो. निवृत्तीनंतर पुण्यात वा नागपुरात सदनिका घेण्याच्या गोष्टी करीत आम्ही येथल्या संध्याकाळी घालवितो. हॅमिल्टन त्या बेटांवर पुन्हा कधी गेला नाही. 'आपल्यातलाच' म्हणताना हे अंतर आम्ही फार सहज ओलांडले.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. १८०१ मध्ये थोरला मुलगा द्वंद्वयुद्धात गेला; ११ जुलै १८०४ रोजी वीहॉकनच्या कड्याखाली ॲरन बरची गोळी त्यास स्वतःस लागली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. राष्ट्राचे ऋण मार्गी लावणाऱ्या ह्या गृहस्थाच्या घरी मागे कर्जच होते. मित्रांनी निधी जमविला तेव्हा कुटुंब सावरले. साडेतीन हजार डॉलर सालीना पगारावर त्याने मंत्रिपद सांभाळले होते, आणि संसाराच्या ओढाताणीमुळेच १७९५ च्या जानेवारीअखेर ते सोडले होते. ह्या प्रकरणात चर्नाउ यांची लेखणी खरोखर हृद्य आहे.

परंतु त्याच्या दफ्तराचे पुढे काय झाले? १८०१ साली ते आल्बर्ट गॅलाटिन याच्या ताब्यात आले. हा जिनिव्हात १७६१ साली जन्मलेला, एकोणीस वर्षांचा असताना अमेरिकेत आला, आणि आपल्या बोलण्यातले फ्रेंच वळण त्याने अखेरपर्यंत टाकले नाही. पेन्सिल्व्हेनियाने त्यास सिनेटवर पाठविले असता १७९४ च्या जानेवारीत त्याने अर्थखात्याचे तपशीलवार हिशेब मागितले, हॅमिल्टन संतापला. पुढच्याच महिन्यात नागरिकत्वाची नऊ वर्षे पुरी नाहीत ह्या कारणावरून गॅलाटिनची जागा रद्द झाली. बाराविरुद्ध चौदा मतांनी. १७८७ साली हॅमिल्टनची सूचना मान्य झाली असती तर हे कारण उरलेच नसते. तोच गॅलाटिन जेफरसनचा अर्थमंत्री झाला, आणि त्या पदावर त्याच्याइतका काळ दुसरे कोणी राहिले नाही. हॅमिल्टनच्या एका मुलाने अशी आठवण नमूद केली आहे की जेफरसनने नव्या मंत्र्यास जुने कागद धुंडाळून पूर्वाधिकाऱ्याची लबाडी शोधण्यास सांगितले. गॅलाटिनने धुंडाळले, आणि येऊन सांगितले की लबाडी नाही, चूकही नाही, बसविलेली घडी अशी आहे की तीत बदल केला तर ती बिघडेलच. साक्षीदार मुलगा आहे, हे ध्यानात घेऊनही आम्हांस ती गोष्ट खरी असावीशी वाटते, कारण दुसऱ्याच्या हाताखालून आलेले नीट लावलेले दफ्तर पाहून जो आनंद होतो, तो शत्रुत्वासही क्षणभर विसरावयास लावतो.

वॉशिंग्टन शहरातल्या अर्थखात्याच्या इमारतीपुढे दक्षिणेस हॅमिल्टनचा पुतळा १९२३ साली उभारला गेला. उत्तरेस गॅलाटिनचा, १९४७ साली. गॅलाटिनवर कोणी संगीतक लिहिलेले नाही. आमच्या मंडळाच्या वाचनालयात त्याचे एकही चरित्र नाही. ते मागविण्याविषयी चिटणिसांकडे आम्ही गेल्या रविवारी चिठ्ठी दिली आहे.